स्क्रू-रॉड काढण्याआधी
पाठीच्या मणक्यांच्या फ्यूजनला (मणके स्क्रू-रॉडने धरून हाडाने एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया) दीड वर्ष झालं, पाठ दुखते, म्हणून स्क्रू-रॉड काढावेत का, असं एकाने विचारलंय. कृपया घाई नको. आधी हाड खरंच जुळलंय का ते पातळ छेदांच्या सीटी स्कॅनवर बघा. साध्या एक्स-रेवर फसायला होतं. स्क्रूभोवती काळी कड दिसली तर तो सैल झाला असण्याची शक्यता असते. हाड जुळलं नसताना नुसते स्क्रू काढले तर दुखणं वाढू शकतं. तिथे बहुधा पुन्हा फ्यूजन लागतं. सीआरपी, ईएसआर या रक्ताच्या चाचण्या करून जंतुसंसर्गही तपासा. नेमक्या स्क्रूच्या डोक्यावर बोटाने दाबल्यावर कळ येते? मग तिथे भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. काही तास दुखणं जवळजवळ गेलं, तर काढण्याचा विचार करण्यात अर्थ आहे. कळ पायात उतरत असेल तर नस कुठे दबतेय ते आधी शोधा, बऱ्याचदा कारण शेजारच्या मणक्यांमधली चकती असते.