यॉर्क की लँकेस्टर: खरा हक्क कुणाचा?

प्रश्न: यॉर्क आणि लँकेस्टर, दोन्ही घराणी राजा तिसऱ्या एडवर्डचीच. मग इंग्लंडच्या गादीवर हक्क नक्की कुणाचा? गुलाबांच्या युद्धांचं, म्हणजे या दोघांच्या गादीसाठीच्या लढायांचं, वाचून डोकं गरगरतंय.

उत्तर १: वंशावळ बघितली तर यॉर्कचा. ते आईकडून एडवर्डच्या मुलाचे, लायनेलचे वंशज, म्हणजे थोरली पाती. लँकेस्टर लायनेलच्या धाकट्या भावाचे, जॉन ऑफ गाँटचे. पण 1399 मध्ये लँकेस्टरच्या चौथ्या हेन्रीने गादी घेतली आणि पुढे साठेक वर्षं ती त्या घरात राहिली. ताबाही मोठी गोष्ट असते राव!

उत्तर २: माझ्या मते हक्काचा वाद नंतर उकरला गेला. लँकेस्टरचा राजा सहावा हेन्री धड असता तर यॉर्कच्या रिचर्डला कुणी विचारलं नसतं. 1453 मध्ये राजाचं भानच हरपलं, वर्षभर स्वतःच्या तान्ह्या मुलालाही ओळखेना. तिथून सगळं फिसकटलं. 1460 च्या डिसेंबरात रिचर्ड वेकफिल्डच्या लढाईत मारला गेला. त्याचं मुंडकं कागदी मुकुट घालून यॉर्क शहराच्याच वेशीवर टांगलं. रिचर्डच्या पोराने, एडवर्डने, तीन महिन्यांत टाउटनच्या लढाईत सूड घेतला. बर्फ पडत होतं, वारा यॉर्कच्या पाठीशी. त्यांचे बाण पोचत होते, समोरच्यांचे अलीकडेच पडत होते. 1996 मध्ये तिथे सामूहिक कबर सापडली. कवट्यांवर घावांवर घाव आहेत, एकेकावर अनेक. वंशावळीच्या तक्त्यात ही माणसं कुठेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता: आता उलगडलं. रिचर्डचं मुंडकं पुढे उतरवलं का?

उत्तर २: हो, टाउटननंतर एडवर्डनेच.