ई-लर्निंग सॉफ्टवेअरचं 'लाइफटाइम' लायसन्स, घेताना काय कागद मागावेत? (जि. प. शाळा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते पाचवी. ग्रामपंचायतीने यंदा (२०२५-२६) १५व्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून शाळेसाठी ई-लर्निंग संच धरलाय (बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचे ६० टक्के पाणी-स्वच्छतेलाच जातात, त्यामुळे उरतं त्यात सगळ्यांचेच डोळे), आणि सरपंच म्हणतात गुरुजी काय घ्यायचं ते तुम्हीच सांगा. मार्च जवळ आलाय, त्यामुळे सगळ्यांना घाई.

एक विक्रेता येऊन डेमो देऊन गेला. टीव्ही, त्यात पहिली ते पाचवीचं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हसारखं एक लॉक, ते लावल्याशिवाय काही चालत नाही. लायसन्स म्हणे लाइफटाइम. कुणाचं लाइफ विचारलं तर हसला नुसता. वर म्हणाला तिन्ही दरपत्रकं मीच आणून देतो सर, तुम्ही फक्त ठराव करून ठेवा. आणली पण! तीन वेगळे लेटरहेड आणि तिन्हीवर 'प्रोजेक्टर'चं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं.

माझी खरी अडचण अभ्यासक्रमाची आहे. शासनाच्या एप्रिल २०२५ च्या वेळापत्रकाप्रमाणे यंदा पहिलीचं पुस्तक बदललं, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी (आणि सहावी), २०२७-२८ ला पाचवी. म्हणजे आज घेतलेलं कंटेंट जून २०२७ ला दुसरी ते पाचवी चारही वर्गांना जुनं झालेलं असणार. अपडेटचं विचारलं तर 'देऊ ना सर, आपलेच आहात'. हे कागदावर कुठेच नाही.

दुसरं, बिल ग्रामपंचायतीच्या नावे, वस्तू शाळेच्या डेडस्टॉकला (टिकाऊ सामानाच्या रजिस्टरला). मग लायसन्स कुणाच्या नावावर? उद्या लॉक बिघडलं आणि मी फोन केला तर तो म्हणणार ग्राहक ग्रामपंचायत आहे, आणि ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणणार वस्तू तुमच्या ताब्यात आहे.

कुणी असं घेतलंय का? ठरावात नेमकं काय लिहून घ्यायचं?

प्रतिसाद : भाऊसाहेब_निवृत्त

ती दरपत्रकं आधी बाजूला ठेवा. एकाच माणसाने आणलेली तीन दरपत्रकं ऑडिटवाला लगेच ओळखतो, पॅरा (लेखी आक्षेप) निघतो आणि उत्तर देत बसतो ग्रामसेवक, विक्रेता तोवर दुसऱ्या तालुक्यात. दरपत्रकं ग्रामपंचायतीनेच पत्र देऊन मागवायची, आवक रजिस्टरला नोंद करायची. जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) पण बघा, फक्त तिथेही विक्रेता स्वतःच्याच मालाचं स्पेसिफिकेशन टाइप करून देतो, 'हेच लॉक, हाच मेनू' असं, म्हणजे बाकीचे आपोआप बाद. तुम्ही गरज लिहा, ब्रँड नको: इयत्ता, मराठी माध्यम, इंटरनेटशिवाय चालणारं, पुस्तक बदलल्यावर ठरावीक दिवसांत नवं कंटेंट मोफत, लॉक खराब झालं तर बदलून, टीव्ही बदलला तरी लायसन्स चालणार. हे पुरवठा आदेशात पाहिजे, नुसतं ठरावात असून उपयोग नाही कारण ठरावावर त्याची सही नसते. लायसन्स शाळेच्या नावे यूडायस नंबर (शाळेचा सरकारी कोड) टाकून मागा, बिल कुणाचंही असो.

अजून एक, समग्र शिक्षामध्ये (केंद्राची शाळांसाठीची योजना) सहावीच्या पुढच्या शाळांच्या स्मार्ट क्लासरूमला २.४० लाख एकदाचे आणि वर्षाला ३८ हजार वेगळे धरलेत. वरचा खर्च दरवर्षी असतो हे तिथे मान्यच आहे. तुमचा विक्रेता तो शून्य सांगतोय म्हणजे एकतर आधीच किमतीत घातलाय, नाहीतर पुढे येणारच नाही.

प्रतिसाद : खडूफळा

मी तर म्हणेन सॉफ्टवेअर घेऊच नका. दीक्षा हे सरकारी शिक्षण अ‍ॅप २०१७ पासून फुकट आहे, बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तिथेच जातं, घरच्या नेटवर डाउनलोड करून वर्गात ऑफलाइन दाखवता येतं. सगळंच भारी आहे असं नाही, काही व्हिडिओ झोप आणतात. पण पुस्तक बदललं तर लायसन्ससाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. केरळने सरकारी शाळांचे कॉम्प्युटर मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, उबुंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टिम, शिक्षकांचं ट्रेनिंगही त्यावरच, तिथे लायसन्सचा प्रश्नच येत नाही. तुमचे पैसे चांगला टीव्ही, इन्व्हर्टर आणि स्पीकरला घाला. लाइटचं काय आहे तुमच्याकडे?

धागाकर्ता

दोघांचेही आभार. लाइट दुपारी हमखास जाते, त्यामुळे इन्व्हर्टरचं पटलं. पण ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव 'ई-लर्निंग सॉफ्टवेअर संच' असं पडलंय, त्यात टीव्ही आणि इन्व्हर्टर बसवायचा तर मासिक सभेचा ठराव पुरतो का परत ग्रामसभा लावावी लागते? भाऊसाहेब, हे तुम्हीच सांगू शकाल.