चष्म्यात दिसणारा मणका
‘चष्मा लावला की सर्जनला कातडीखालचा मणका आरपार दिसतो, मग स्क्रू चुकेलच कसा?’ असा प्रश्न मणक्यात स्क्रू बसवताना सर्जन घालतात त्या, समोरच्या दृश्यावर संगणकाचे चित्र दाखवणाऱ्या चष्म्याबद्दल विचारला जातो. प्रत्यक्षात दिसते ते सीटी स्कॅनवरून संगणकाने रचलेले चित्र, आणि ते रुग्णाच्या हाडावर नेमके बसवणे, म्हणजेच रजिस्ट्रेशन, यातच या चष्म्याच्या सॉफ्टवेअरचा खरा कस लागतो. आधीचा स्कॅन उताणे झोपवून काढलेला असतो, शस्त्रक्रिया मात्र पालथे झोपवून होते; तेवढ्याने कण्याचा बाक बदलतो, म्हणून एकेक मणका वेगळा जुळवावा लागतो किंवा टेबलावरच नव्याने स्कॅन घ्यावा लागतो. हाडाची जागा यंत्रणेला कळावी म्हणून त्याला चिमट्याने लावलेल्या खुणेला कोणाचे कोपर लागले, तर चित्र तितकेच सुबक दिसत राहते, फक्त हाडावरून सरकलेले असते. पाठीच्या मधल्या भागातला पेडिकल, म्हणजे ज्यातून स्क्रू घालतात तो मणक्याचा अरुंद हाडाचा दांडा, काहींच्या बाबतीत ५ मिलिमीटरही रुंद नसतो आणि लगतच मज्जारज्जू असतो. त्यामुळे ओळखीच्या हाडाच्या टोकावर अवजार टेकवून वारंवार पडताळणी करणे काही सुटत नाही. अमेरिकेत अशा एका चष्म्याला, ऑगमेडिक्सच्या एक्सव्हिजनला, डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. आमच्या आईच्या कमरेत लातूरला चार स्क्रू बसवले, ते शिशाचा एप्रन घालून, साध्या सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांचे चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर. ती आता गुडघे धरत का होईना, गंजगोलाईच्या बाजारातून भाजी घेऊन येते.