अलर्ट ‘रिले’ करणाऱ्या पेटीचं मराठी क्रियापद?

शब्दवेडी: एक तांत्रिक पुस्तिका मराठीत करतेय आणि एका क्रियापदावर तीन दिवस अडलेय. अमेरिकेत प्रत्येक रेडिओ-टीव्ही केंद्रात एक पेटी असते. ती नेमून दिलेली किमान दोन स्टेशनं सतत ऐकत बसते, वादळाबिदळाचा अलर्ट आला की आपल्या काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, कोड त्यात आहे का बघते आणि असेल तर चालू कार्यक्रम तोडून तो अलर्ट लावते. तिकडे याला रिले म्हणतात. मी लिहिलं, ‘इशारा पुढे धाडते’. तपासणाऱ्यांनी केलं, ‘आपत्कालीन संदेश पारेषित करते’. पारेषण म्हटलं की मला विजेचे मनोरे दिसतात. काय करू?

ट्रान्झिस्टर: अगं, सहक्षेपण! आकाशवाणीवर दिल्लीच्या बातम्या लागायच्या तेव्हा हाच शब्द कानावर पडायचा. तयार शब्द असताना नवा कशाला पाडायचा?

चौकस: ट्रान्झिस्टरकाका, सहक्षेपण म्हणजे सोबतीने, त्याच क्षणी. ही पेटी बहुतेक अलर्ट आधी टिपून ठेवते आणि मग सोडते. मी तिकडच्या एका केंद्रात रात्रपाळी केलीय, महिन्याची चाचणी आली की ६० मिनिटांच्या आत पुढे द्यावी लागायची. आधी तीनदा फॅक्ससारखी किरकिर, तीत कोण बोलतंय, काय घडलंय, कुठे आणि किती वेळ हे सगळं कोडमध्ये असतं, मग ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकत्र, ते इतके बेसुरे की झोपलेला माणूस उठून बसतो, मग माणसाचा आवाज आणि शेवटी परत तीन छोट्या किरकिरी. कोडची सुरुवात झेडसीझेडसी आणि शेवट एनएनएनएन, ही टेलिप्रिंटरच्या काळातली खूण आहे. सहक्षेपण शोभेल ते फक्त राष्ट्रीय पातळीवरच्या अलर्टला, कारण तो थेट जातो, बाकीच्यांसारखी दोन मिनिटांची मर्यादासुद्धा त्याला नाही.

शब्दवेडी: म्हणजे एकाच पेटीला दोन क्रियापदं?? हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि त्या दोन सुरांना मी ‘लक्षवेधी’ लिहिलंय, तर मैत्रीण म्हणते विधानसभा आठवते.

आडवाटेने: मला ‘इशारा’च खटकतो. पेपरात रोज ‘आंदोलनाचा इशारा’ असतो, म्हणजे धमकीच झाली ना ती? अग्निशमन दलात ‘वर्दी’ म्हणतात, आग लागल्याची वर्दी मिळाली, किती नेमका शब्द आहे. पेटी वर्दी घेते, वर्दी देते. संपलं.

ट्रान्झिस्टर: वर्दी लिहिलंत तर निम्म्या लोकांना खाकी कपडे दिसतील. त्यापेक्षा पूर्वसूचना हा शुद्ध शब्द आहे.

चौकस: पूर्वसूचना कशी? तिकडे टोर्नॅडो ‘वॉच’ म्हणजे हवा तशी तयार झालीय, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे रडारवर दिसलाय किंवा कोणी डोळ्यांनी पाहिलाय, तळघरात पळा. दोन्हीला पूर्वसूचना लिहिलं तर वाचणाऱ्याला पळायचं कधी ते कळणार नाही. शुद्ध-अशुद्ध नंतर बघू, इथे जीव आहे माणसाचा.

आडवाटेने: हे शंभर टक्के. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येतंय म्हणून चुकून अलर्ट गेला, त्यात ‘हा ड्रिल नाही’ असंही होतं, आणि तो खोटा असल्याचा मेसेज फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. त्या ‘ड्रिल’ला मराठीत काय म्हणाल? चाचणी यंत्राची होते, ड्रिल माणसांची.

ट्रान्झिस्टर: सराव.

आडवाटेने: सराव क्रिकेटचा. मला तर कवायतच बरी वाटते.

ट्रान्झिस्टर: कवायत मैदानावर होते, तीही अरबीतून आलेली, ‘कवाइद’ म्हणजे नियम. आपला शब्द शोधा की.

आडवाटेने: मग ‘इशारा’सुद्धा अरबीच आहे काका, तोही काढून टाकायचा?

शब्दवेडी: अहो पण पेटीचं क्रियापद? उद्या पानं द्यायची आहेत.

चौकस: ‘रंगीत तालीम’ कशी वाटते? पण तालीमही अरबीच निघेल आता.

ट्रान्झिस्टर: निघेलच. आणि आखाड्याला तालीम म्हणतात ती कुठून आली ते सांगा आधी.