शब्दचर्चा: 'रीयूजेबल टायमर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: गोडो या गेम बनवायच्या इंजिनवर मराठीत धडे लिहितोय. टायमर नोड (गेमचा एक सुटा घटक) एकदा सीनमध्ये, म्हणजे गेमच्या दृश्यात, टाकला की हवा तेव्हा पुन्हा सुरू करता येतो. त्याला 'पुनर्वापरयोग्य कालमापक' म्हटलं तर मुलं हसली. दुसरं काही सुचतंय?

– हसणारच! कालमापक म्हणजे किती वेळ गेला ते मोजणारा, स्टॉपवॉच. गेममधला टायमर ठरलेला वेळ संपला की हाक मारतो. तो झाला गजर. गेममेकर या दुसऱ्या इंजिनमध्ये तर नावच अलार्म आहे: प्रत्येक इन्स्टन्सला (गेममधल्या एकेका वस्तूला) १२, आकडा शून्यावर आला की इव्हेंट, म्हणजे त्याला जोडलेला कोड, चालतो, आकडा पुन्हा भरला की पुन्हा कामाला. गजर 'लावतात', तसा टायमर 'लावायचा', 'परत लावायचा'. पुनर्वापर कचऱ्याच्या गाडीवर शोभतो.

– गजर छान, पण कोडमध्ये मुलांना 'टायमर'च दिसणार. नाम राहू द्या, क्रियापदं मराठी घ्या. आणि दोन प्रकारांची गल्लत नको. गोडोत क्रिएट_टायमर या फंक्शनने मिळतो तो एकदा वाजून आपोआप निकालात निघतो. नोड टिकतो, आणि 'वन शॉट'वर (एकदाच वाजण्याच्या पर्यायावर) खूण नसेल तर आपणहून वाजतच राहतो. चालू असताना पुन्हा स्टार्ट केलं तर मोजणी पहिल्यापासून. पाच सेकंदांची ढाल चालू असताना दुसरी उचलली, तर हेच हवं असतं.

– खरा घोळ 'रीसेट'चा आहे. टायमर हाताने लिहिताना दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) डेल्टा, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, साठवतो, मर्यादा गाठली की गोळी सुटते. पुढे काय? साठा शून्य करायचा की मर्यादा वजा करायची? सेकंदाला ६० फ्रेम आणि दर ०.०४ सेकंदाला गोळी धरा. फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे ४० ऐवजी ५० व्या मिलिसेकंदाला गोळी सुटणार. शून्य केलंत तर वरचे १० दरवेळी बुडाले. सेकंदाला २५ ऐवजी २० गोळ्या. वजा केलंत तर ते पुढच्या खेपेला जमा. दोन्हींना 'रीसेट' म्हणून कसं चालेल? मी एकाला 'शून्य करणे' म्हणते, दुसऱ्याला वहीखात्यातलं 'बाकी पुढे ओढणे'.

प्रश्नकर्ता: 'परत लावणे' आणि 'बाकी पुढे ओढणे' दोन्ही उचलले! पॉजला 'थांबवणे' लिहू का?

– नको, ते स्टॉपसाठी ठेवा. स्टॉप केलं की उरलेला वेळ गेला, पॉजमध्ये तो शाबूत राहतो. 'थोपवणे' लिहा.