देव मानणं आणि डिल्यूजन होणं एकच का?

उंबरठा:
परवा एका मित्राशी यावरून कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, देव मानणं हा पण भ्रमच, फक्त मानणारे खूप आहेत म्हणून कोणी त्याला आजार म्हणत नाही. मला हे अजिबात पटत नाही. 1913 मध्ये कार्ल यास्पर्स या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने डिल्यूजनच्या, म्हणजे आजारातल्या भ्रमाच्या, खुणा सांगितल्या, ठाम खात्री, कितीही समजावलं तरी न हलणं आणि अशक्य वाटणारा मजकूर, म्हणजे माणूस जे मानतो ती गोष्टच अशक्य वाटणं. आता पहिल्या दोन खुणा तर राजकारणावर भांडणाऱ्या कुणातही सापडतील. आणि मजकुराचं म्हणाल तर संशयी नवऱ्याचं उदाहरण घ्या, बायकोचं खरंच बाहेर काही चालू असलं तरी त्याचा संशय भ्रम असू शकतो, कारण तो पुराव्यातून आलेलाच नसतो, दिवा मिचमिचला म्हणजे तिने खूण केली असल्या गोष्टींतून आलेला असतो. म्हणजे गोष्ट खरी का खोटी यावर ठरत नाही, माणूस तिथवर पोचला कसा यावर ठरतं.

शंकेखोर:
मग हाच नियम श्रद्धेला लावा ना. तिथे कुठे पुरावा बघून पोचतात लोक? 1994 च्या डीएसएम-४ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकात, डिल्यूजनच्या व्याख्येतच सूट दिलीये, त्या माणसाच्या संस्कृतीत सर्रास मानली जाणारी समजूत असेल तर ती धरायची नाही. ही डोकी मोजणं झालं. आणि चारचौघांनी मानलं म्हणजे शहाणपण असंही नाही, लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी 1877 मध्येच एकाचा भ्रम दुसऱ्याला कसा लागतो ते लिहून ठेवलंय.

उंबरठा:
त्यातच उत्तर आहे की. अशा जोडीला वेगळं केलं की दुसऱ्याचा भ्रम बरेचदा ओसरतो, म्हणजे मूळ आजारी एकच. डोकी मोजण्यापलीकडचा पुरावा पण आहे. 1999 मध्ये एमॅन्युएल पीटर्स या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या धार्मिक पंथांतले लोक आणि भ्रम असलेले पेशंट यांना एकच प्रश्नावली दिली. विचित्र समजुतींची संख्या जवळपास सारखी, खात्रीही तेवढीच! फरक कुठे पडला तर त्या समजुतींचा त्रास किती होतो आणि दिवसभर डोक्यात तेच घोळतं का, यात. पंथवाल्यांना दोन्ही कमी.

शंकेखोर:
त्रास होत नाही म्हणून समजूत बरोबर ठरत नाही.

उंबरठा:
बरोबर आहे असं मी म्हणतच नाहीये. चुकीचं असणं आणि आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच.

रातपाखरू:
वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझा दादा लहानपणापासून श्रद्धाळू. सत्ताविसाव्या वर्षी तो झोपेना, मग म्हणायला लागला देव फक्त माझ्याशीच बोलतो, तुम्ही सगळे त्याच्या विरुद्ध गेलाय, आईच्या हातचं खाणं बंद केलं. आणि शंकेखोर, हे बिनसलंय असं सगळ्यात आधी कोणाला कळलं सांगू? त्याच्यासोबत रोज प्रार्थना करणाऱ्यांना. ते म्हणाले हा आमच्यासारखं बोलत नाहीये. त्यांच्या देवात इतरांना जागा होती, दादाच्या देवात कुणालाच नव्हती.

शंकेखोर:
ताई, तुमचं नशीब चांगलं. माझ्या मावशीला साक्षात्कार झालाय म्हणून त्याच मंडळींनी आठ महिने डॉक्टरकडे नेऊ दिलं नाही, लोक पाया पडायचे तिच्या, आणि ती रात्रभर रडायची. श्रद्धेच्या भाषेत आजार लपतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तुमची ही वेगळी रेघ मला धोक्याची वाटते.

उंबरठा:
ती रात्रभर रडत होती हे कोणी विचारात घेतलं असतं तर आठ महिने गेले नसते. मला तेच म्हणायचंय, मजकूर बघू नका, झोप बघा, जेवण बघा, माणसं तुटतायत का बघा.

शंकेखोर:
एवढं मान्य. पण ज्यांनी बघायला हवं तेच हात जोडून उभे असतात, त्याचं काय करायचं?

रातपाखरू:
याचं उत्तर माझ्याकडे नाही. दादा औषधांनी बराच सावरला, आता परत प्रार्थना करतो. पहिले काही महिने तो डोळे मिटून बसला की माझ्या पोटात गोळा यायचा. आता उठल्यावर आईने वाढलेलं जेवतो की नाही तेवढं बघते.