बोंडअळी, वऱ्हाडी आणि जुन्या पोथ्या: तिघींचा कायदा एकच का?

पऱ्हाटीवाला
गावात दरवर्षी ऐकू येतं, "अळी आता शिकली, बीटीला भीत नाही." अळी काही शिकत नाही. २००२ साली बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करणारं कपाशीचं बी, आलं तेव्हाच गुलाबी अळ्यांच्या झुंडीत एखाददुसरी अशी असणार, जिला ते विष लागत नव्हतं. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिची पिल्लावळ वाढली. २००६ ला दोन जनुकांचं बीटी आणलं, तेही टिकलं नाही. २०१७ साली यवतमाळात ज्यांनी बोंडं फोडून पाहिली त्यांना जास्त सांगायला नको.

माझं म्हणणं, पोथ्या आणि बोलीही अशाच घडतात. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र तेराव्या शतकात रिद्धपूरला लिहिलं गेलं. मूळ प्रत धामधुमीत गेली, अनुयायांनी आठवून पुन्हा लिहिली, नकलेवरून नकला झाल्या, पाठ वेगवेगळे झाले. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे अभ्यासक सारख्या चुकांवरून ओळखतात. जनुकांतल्या सारख्या बदलांवरून वंशवृक्ष मांडतात, ती रीत हीच. मग वऱ्हाडीला "बिघडलेली मराठी" का म्हणायचं? तिची आणि पुस्तकी मराठीची मूळ माय एकच.

दारव्ह्याचे मास्तर
पोथ्यांपुरतं कबूल, बोलीला लावू नका. अळीतला बदल आंधळा असतो. पोरगं घरी 'शाया' म्हणतं आणि वर्गात 'शाळा', ते माणूस पाहून बोलतं. अळी शेत पाहून जनुक बदलते का? आणि ळ चा य झाल्यानं वऱ्हाडी माणसाला जगण्यात कोणता फायदा झाला, तेवढं सांगा.

वऱ्हाडी ठेचा
मास्तर, फायदा काहून पाह्यजे? किमुरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९६८ सालीच सांगतलं, का जनुकातले लय बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, योगायोगानंच पसरतात. 'डोये' अन् 'काया' तसेच समजा. अन् तुमी पोरायकडून 'स, ला, ते' पाठ करून घेता ना? त्यातला 'ते' ज्ञानेश्वरीत 'तयातें' म्हणून जिता होता. आता कोन बोलते? आंत्रपुच्छ, म्हंजे अपेंडिक्स हाये थे, व्याकरणाच्या पोटात कामाविना उरलेलं.

रानमेवा
ठेचाभाऊ, योगायोग म्हणून हात झटकू नका. 'शाया' म्हटलं की वर्ग हसतो आणि ते पोरगं पुढं वर्षभर तोंड उघडत नाही. पांढरकवड्याकडं कोलामांच्या घरात आजी कोलामी बोलते, नातू मराठीतून उत्तर देतो. कोलामी तर द्राविडी घराण्यातली, मराठीची बोलीही नव्हे. तिला निसर्गानं मारलं म्हणायचं का? उत्क्रांतीचं नाव घेतलं की जबाबदार कोणीच उरत नाही, माझा राग त्यावर आहे.

पऱ्हाटीवाला
ताई, अळीचं तरी कुठं आपोआप झालं? ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पुडकं यायचं, शेताच्या कडेनं पेरायला. त्या कडेवर साधे पतंग जगतात, बीटी पचवणाऱ्या पतंगांशी त्यांची जोडी जमते, आणि त्यांची पिल्लं बहुतेक बीटीवर मरतात, कारण ते पचवण्याचा गुण दोन्ही बाजूंनी आला तरच चालतो. आपण पुडकी बांधावर फेकली. अमेरिकेत ॲरिझोनाकडं शेतकऱ्यांनी कड पाळली, पुढं वांझ केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ साली त्या देशानं गुलाबी अळी हटल्याचं जाहीर केलं. विष कोणी पेरलं, हे आधी विचारावंच लागतं.

कोरडवाहू
पुडकं फेकलं म्हणून कास्तकाराले बोल लावणं सोपं हाये. आमच्याकडं त्यातलं बी धड उगवेच ना. वरून लांब मुदतीचे संकरित वाण, अन् दोन पैशाच्या आशेनं फरदड, म्हंजे वेचणी झाल्यावरबी पऱ्हाटी तशीच उभी ठेवणं. अळीले हंगाम संपल्यावरबी जेवण. मी कड पेरली अन् शेजाऱ्यानं नाई पेरली, तं माया एकट्याच्या चार ओळींनं काय होते?

दारव्ह्याचे मास्तर
किमुरा मान्य, वऱ्हाडी बिघडलेली नाही हेही मान्य. पण माझा मुद्दा तिथंच आहे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. एका माणसानं बसून, विचार करून पुढच्या नकलांची दिशा बदलली. अळ्यांमध्ये असा एकनाथ दाखवा.

पऱ्हाटीवाला
बी निवडून ठेवणारा शेतकरी काय करतो मग? डार्विननं १८५९ साली सुरुवातच पाळीव कबुतरं आणि पिकांपासून केली.

दारव्ह्याचे मास्तर
शेतकरी कपाशीच्या बाहेरचा आहे, भाऊ. कपाशी स्वतःचं बी निवडत नाही. एकनाथ मराठीच्या आतले होते, तीच भाषा बोलत होते.

वऱ्हाडी ठेचा
हे मातर बरोबर बोलले मास्तर. पण मंग 'शाया'वर हासणारे बी आतलेच ना? थ्या वर्गात तुमी काय करता, थे सांगा.